खाली कोण बोलून राहिलं?

आमच्या रेडिओ-मंडळाचे किस्से एक सांगेपर्यंत दुसरा तयार होतो. माणसं चारच, पण उद्योग असा की शेजारी हसणारच. गावचं एएम केंद्र मोठ्यानं बोलत असताना, रेडिओच्या काट्याच्या त्याच जागेवर, त्याच्या आवाजाखालचं हजार मैलांवरचं केंद्र शोधायचं! परदेशात शिकून मी अमरावतीला परतले ती हे वेड घेऊनच. फोनवर सगळं मिळतं, मान्य. पण आभाळातून स्वतः ओढून आणलेला आवाज वेगळाच! ऊन कललं की लांबची केंद्रं लागू लागतात, आणि मला घरात बसवत नाही.

*

वानखडे काका आमचे अध्यक्ष, निवृत्त एसटी ड्रायव्हर. रेडिओची दिशा बदलली की जवळचं केंद्र दबतं, हे मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ काकूंच्या जात्यावर ठेवला आणि खुंटा धरून फिरवू लागले.

काकू म्हणाल्या, "कायचं दळन काढलं हो आज?"

"नेपाळचं!"

*

लाइट गेली की गल्ली वैतागते आणि आम्ही टाळ्या वाजवतो. बल्ब, चार्जर, टीव्ही, सगळ्यांची रेडिओतली घरघर एकदम बंद! आता लाइट गेली की लोक आधी काकांच्या दारात येतात. "काका, खरं सांगा, फ्यूज तुमीच काढला ना?"

*

वरूडला ज्ञानेश्वरभाऊंची संत्र्याची बाग आहे. कुंपणाला जनावरांसाठी झटका मशीन, आणि रेडिओत तिची सारखी टकटक. मी हात जोडले, "भाऊ, थोडा वेळ बंद करा ना!" त्यांनी केली. श्रीलंका अशी स्वच्छ लागली की मी बांधावर उड्या मारल्या.

"ताई, श्रीलंका आली ते बरं झालं," भाऊ म्हणाले. "पन डुकरं बी आले ना!"

*

काकांचा जीव मात्र एकाच आवाजात अडकलेला. आपल्या केंद्राच्या खाली कधीतरी बासरीचा तुकडा वर यायचा आणि बुडायचा. कुठलं केंद्र, पत्ता नाही. काका चिडायचे, "आपलं टेशन एक दिवस चूप बसलं पायजे!"

"कावून बसन चूप?" काकू आतून ओरडायच्या. "मी गाने ऐकून राहिली ना!"

आणि बातमी आली, आपलं एएम केंद्र बंद होणार. मी पेटलेच! ते चालू ठेवा म्हणून सह्या गोळा करत अमरावती, अकोला पालथं घातलं. पहिली सही काकांची. निवेदन दिलं तर केंद्राचे साहेब हसले, "तुमीच ना ते, याच्या खालचं ऐकनारे? मंग तुमाले त फायदाच हाय!"



*

केंद्र बंद झालं त्या दिवशी सूर्य मावळताना आम्ही जात्यावरच्या रेडिओभोवती बसलो. त्या जागेवर नुसती खरखर. मग बासरी! अख्खी, शेवटपर्यंत. मग निवेदकानं गावाचं नाव सांगितलं. पार ईशान्येच्या डोंगरातलं!

"काका, सापडलं!" मी ओरडले.

काकांनी खुंटा धरला आणि जातं हळूहळू फिरवू लागले. निवेदकाचा आवाज बारीक होत बुडाला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता कावून फिरवून राहिले?"

"थांब जराशीक," काका म्हणाले. "खाली आपलं टेशन येते का, पायतो."