मुलींच्या रांगेतली जागा
शेजारच्या शेतात सोयाबीनचं थ्रेशर लागलं, की घशात बसणाऱ्या भुशाच्या वासाने मला आमच्या दहावीच्या वर्गातली ती दुपार आठवते. सहामाहीचा निकाल लागला, की आमचे सर मुलांना एका भिंतीशी आणि मुलींना समोरच्या भिंतीशी उभं करत. मग एकेका विषयात दोन्हीकडच्या पहिल्याला पुढे बोलावत आणि ज्याचे मार्क कमी, तो मागे सरके. त्या दिवशी मराठी, हिंदी, विज्ञान, सगळीकडे मुलीच जिंकल्या. गणिताला मी पुढे झालो, पण समोरून कोणी आलं नाही. गणितात नेहमी पहिली येणारी मुलगी परीक्षा देऊन दिवाळीच्या सुट्टीत घरच्या शेतात विळ्याने सोयाबीन सोंगायला गेली होती आणि तिथेच साप चावून वारली होती. तेवढ्यात मुलींची रांग मधोमध हळूच फाकली. "काय करून राह्यल्या पोरी हो?" सरांनी विचारलं. "तिले वाट देऊन राह्यलो, सर," तिची मैत्रीण अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. खिडक्या बंद होत्या, तरी तो भुशाचा वास वर्ग ओलांडून माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मांगं हो. तिचे जास्त हायेत." आता त्याच शाळेत मी गणित शिकवतो आणि निकालाला पोरांना तसंच उभं करतो. मुली भिंतीशी रांग धरतात आणि मधे एक जागा रिकामी सोडतात. त्यांना ही गोष्ट कोणीच सांगितलेली नाही.