शून्य खुणांची मशीन

प्लास्टर कापून झाल्यावर डॉक्टरांनी आईला मूठ मिटायला सांगितली. तिने मिटली. उघडायला सांगितली, उघडली. मग ओला टॉवेल पिळतात तसा हात फिरवायला सांगितलं आणि आई कळवळली. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं करा. पिळायचं काम मात्र आता कायमचं बंद."

धुण्याच्या दगडावरून घसरून आईचं उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून परत येताना अहमदपूरच्या बसस्टँडसमोर बाबा एकदम थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीन घ्यावी लागंल. कोणती घ्यायची ते तू बघ. तू शिकून राहिलीस."

हे शेवटचं वाक्य आमच्या घरात कशालाही लागू होतं. आमच्याकडे दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. मी नांदेडला बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. तेव्हापासून लाइटचं बिल, रेशनचा फॉर्म, विम्याचं पत्र, औषधाच्या पट्टीवरची तारीख हे सगळं माझ्याकडे येतं. एकदा मी म्हणाले होते की हे मला येत नाही. तेव्हा बाबांनी अगदी मनापासून विचारलं होतं, "मग तिथं शिकवतेत काय?"

म्हणून मशीनचं काम मी फार गंभीरपणे घेतलं. जाहिराती स्वतःचीच स्तुती करतात. दुकानदार त्याला परवडेल ती मशीन चांगली म्हणतो. नातेवाइकांनी जी घेतली असते ती जगात सगळ्यात भारी असते, कारण ती त्यांनी घेतलेली असते. मग खरं कोण सांगणार? जो मशीन उघडतो तो. हा विचार सुचला तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. आणि खरं सांगायचं तर तो विचार वाईट होता असं मला अजूनही वाटत नाही.

मी दुरुस्तीची सहा दुकानं केली. दोन नांदेडची, एक लातूरचं, तीन अहमदपूरची. वहीत कंपन्यांची नावं एकाखाली एक लिहिली होती. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारायचा, यातल्या कोणकोणत्या मशिनी दुरुस्तीला येतात? मिस्त्री सांगेल तशा पुढे खुणा करायच्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, कॉलेजात शिकवतात तशी.

शेवटचं दुकान मार्केट यार्डाच्या वळणावरच्या चाचांचं. ते कूलरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं दुरुस्त करतात. माझी वही बघून ते आधी दचकले.

"सर्वे हाय का? सरकारी?"

"नाही चाचा, घरचा आहे."

मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. ही कंपनी हफ्त्याला दोन येते, ती तीन येते, तिचा तर पट्टाच कच्चा. यादीतल्या शेवटच्या नावावर मी बोट ठेवलं. चाचांनी चष्मा वर केला. "ही? ही तर माझ्याकडं कधीच आली न्हाई."

सहाही दुकानांत हेच उत्तर होतं. एकही खूण नाही. मी तिथे शून्य लिहिलं आणि त्याभोवती लाल पेनने गोल काढला.

आता मागे वळून बघितलं तर मशीन घेतानाच मला कळायला हवं होतं. अहमदपूरच्या तिन्ही शोरूममध्ये ती कंपनी नव्हती. मी बाबांना म्हणाले, "चांगली वस्तू अशी कुठंही मिळत नसते." आम्ही लातूरला गेलो. तिथे एका दुकानात ती होती, तीही एकच, अगदी मागच्या भिंतीला. मी नाव घेतलं तसा विक्रेता आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाने आम्हाला खुर्च्या दिल्या. चहा मागवला. थोड्या वेळाने परत मागवला. बाबा माझ्या कानात म्हणाले, "लई मान हाय बुवा शिकलेल्या माणसाला."

बाबा मार्केट यार्डात मापाडी आहेत. दिवसभर सोयाबीनची पोती काट्यावर चढवून वजनं करायची हे त्यांचं काम. वस्तू हाताला किती लागते यावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांनी मशीनवरचा स्टिकर वाचला.

"ही सात किलोची?"

"हो काका, सात किलो," विक्रेता म्हणाला.

बाबांनी मशीनचा एक कोपरा धरून ती जरा तिरपी केली आणि डोळे मिटले. "बत्तीस हाय. लई तर तेहतीस. सात कुठून आणलं?"

"काका, सात किलो कपडे."

बाबांनी झाकण उघडून आत बघितलं. "कपडे कुठं हायत? रिकामीच हाय की."

विक्रेत्याने हातवारे करून समजावलं की आत सात किलो कपडे मावतात. बाबांना पटलं, पण आवडलं नाही. "मग तसं लिहायचं. बारदान वेगळं, माल वेगळा. आमच्याकडं कोणी असं लिहिलं तर दिवसभर भांडणं होतील."

मशीन घरी आली. मी माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं आणि आईने हात जोडल्यासारखे धरून ऐकलं. सात किलो म्हणजे किती कपडे, एवढंच तिला कळेना. बाबांनी दुसऱ्या दिवशी घरातलं सगळं धुणं गाठोड्यात बांधून यार्डात नेलं आणि काट्यावर ठेवलं. हमाल ओरडले, "मापाडी, काय भाव काढला?" गाठोडं साडेपाच किलो भरलं. त्या दिवसापासून आई कपडे टाकताना वजनं पुटपुटू लागली. साडी अर्धा, पँट पाऊण, चादर एक.

वॉरंटी एका वर्षाची होती. मशीन सव्वा वर्ष चांगली चालली. मी नांदेडहून रोज संध्याकाळी फोन करायची आणि शेवटी विचारायची, "मशीन कशी आहे?"

"मस्त हाय," आई म्हणायची.

एकदा व्हिडिओ कॉल केला तर आईच्या मागे दोरीवर साडी दिसली. साडीच्या काठातून पाणी गळत होतं, चांगलं ठिबक ठिबक. मशीनमध्ये गरगर फिरून आलेली साडी अशी गळत नाही. मी म्हणाले, "आई, ती साडी..." तेवढ्यात मला छत दिसायला लागलं. मग पंखा. मग आईचा आवाज, "रेंज न्हाई बघ."

शनिवारी सकाळी मी न सांगता लातूरच्या गाडीत बसले आणि अहमदपूरला उतरले. दार उघडंच होतं. अंगणात बाबांनी आईची साडी खिडकीच्या गजात अडकवली होती आणि दोन्ही टोकं धरून ते कासरा वळावा तशी ती वळत होते. कमरेपर्यंत भिजले होते. आई बाजूला उभी राहून सांगत होती, "उलटं पिळून राहिले तुम्ही. मघाशी इकडून पिळलं ना, आता तिकडून पिळलं तर सुटंलच की ते."

मला बघून दोघं थांबले. पिळलेली साडी आपोआप उलगडली आणि उरलेलं पाणी बाबांच्या पायावर गेलं.

"कशी आलीस?" बाबा म्हणाले.

"बसनं. मशीन कुठंय?"

"हाय की. आत हाय."

मशीन आतच होती. वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलदाणी. पंधरा दिवसांपूर्वीच ती बंद पडली होती. आत पाणी भरायचं, कपडे घुसळले जायचे, पण पाणी बाहेर जायचं नाही आणि मशीन पिळायची नाही. म्हणजे जे काम आईने करायचं नव्हतं, नेमकं तेवढंच राहायचं.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "इतकं वहीत लिहून लिहून आणलं होतंस. तुला वाईट वाटलं असतं."

मग तिने मला चहा दिला, आणि कप डाव्या हातात होता. उजवं मनगट सुजलं होतं. बाबा यार्डात गेल्यावर बारकेसारके कपडे ती स्वतःच पिळत होती. मी चहा घेतला, पण कसा लागला ते मला आठवत नाही.

कंपनीला फोन केला. तिकडच्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या की आपल्या भागात सेवा लवकरच सुरू होणार आहे, तोवर हैदराबादहून माणूस पाठवता येईल. येऊन नुसतं बघायचे वेगळे, सुट्या भागाचे वेगळे. सगळं मिळून निम्म्या मशीनची किंमत होत होती. शेवटी त्यांनी विचारलं की या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल. मी घाबरून पाच दिले.

मग चाचांना बोलावलं. त्यांनी मशीन भिंतीपासून ओढली, मागचा पत्रा काढला आणि एकदम खूश झाले. "अरे वा! ये तो मैं पैल्ली बार देख रहा!" त्यांनी मोबाइलवर दोन फोटो काढले. मग माझ्याकडे निरखून बघितलं. "तू ती सर्वेवाली बेटी ना?"

"चाचा," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा चढलाच, "तुम्हीच म्हणाला होतात की ही कधी दुरुस्तीला येत नाही."

"बराबर बोललो. घेतच न्हाई कोणी, तर येईल कुठून?" चाचा हसायला लागले. "बेटी, तू इचारलीस किती बिघडल्या. किती इकल्या, ते कुठं इचारलीस? अख्ख्या अहमदपुरात ही एकच हाय. तुमची."

मला एकदम आमचं पहिल्या वर्षाचं पुस्तक आठवलं. दुसरंच प्रकरण. अंश मोजून चालत नाही, छेद लागतो. त्यावर मला परीक्षेत पूर्ण गुण होते.

"म्हंजे काय झालं?" बाबांनी विचारलं. मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां. म्हंजे ज्या आडतीत एक पोतंच उतरलं न्हाई, तिथं खराब माल निघाला न्हाई म्हणून तू शाबासकी दिलीस." ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना नुसतं समजून घ्यायचं होतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं.

"आता वहीत एक खूण कर," चाचा म्हणाले. मी खरंच वही काढली आणि लाल गोलातल्या शून्यापुढे एक उभी रेघ मारली.

बिघाड लहानसा होता. मशीनच्या बुडाशी एक मुठीएवढी मोटार होती, ती जळली होती. चाचांनी बॅटरीच्या उजेडात दाखवलं. ती मोटार एक पट्टी ओढून धरते. पट्टी ओढली की पाणी सुटतं आणि पिळायचा गिअर लागतो. बस. पण ही मोटार फक्त त्याच कंपनीची, दुसरी बसत नाही.

आई इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, ती मोटार करती काय? नुसतं ओढती?"

"हाव भाभी. नुसतं ओढती."

"मग हातानं ओढलं तर?"

चाचांनी पत्र्याच्या आत हात घालून ती पट्टी बोटाने ओढली. खळ्ळकन पाणी सुटलं आणि त्यांच्या पायजम्यावर आलं. "ओढता येतं," ते म्हणाले, "पण धरून ठेवावं लागंल."

आई आत गेली आणि परकराचा कोरा नाडा घेऊन आली. पांढरा, जाड सुताचा. चाचांनी तो पट्टीला बांधून मागच्या फटीतून डाव्या बाजूला बाहेर काढला. बाबांनी भिंतीत खिळा ठोकला. कपडे टाकले, मशीन चालू केली. घुसळून झालं, मशीन जरा थांबली, आणि आईने डाव्या हाताने नाडा ओढून खिळ्याला अडकवला. पाणी गेलं. ड्रम हळूहळू फिरायला लागला, मग जोरात, मग इतका जोरात की फुलदाणी बाबांनी उचलून हातात धरली.

"आता झाली फुल ऑटोमॅटिक," बाबा म्हणाले.

चाचांनी बजावलं की मशीन पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "नाडा तुमचा, खिळा तुमचा, डोकं भाभीचं. माझे फक्त येण्याचे द्या."

मला मात्र चैन पडेना. चूक माझी होती आणि ती नाड्यावर लोंबकळत होती. मी शिष्यवृत्तीतून पैसे बाजूला काढले, चाचांच्या ओळखीने हैदराबादहून ती मोटार मागवली. ती यायला दीड महिना लागला. डबी घेऊन मी घरी आले, चाचांना बोलावलं. ते पत्रा काढायला वाकले तशी आई मशीनपुढे येऊन उभी राहिली.

"राहू द्या, भाऊ."

"आई, ही खरी आहे. कंपनीची."

"आन ही जळली तर?"

"परत मागवू."

"किती दिवस?"

"दीड महिना," मी म्हणाले.

"आन नाडा तुटला तर?" तिने मला उत्तर द्यायला वेळच दिला नाही. खिळ्यावरचा नाडा काढला, त्याचं टोक सोडलं आणि दोन्ही हातांनी परत गाठ मारून दाखवली. उजव्या हातानेसुद्धा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती कळवळली नाही. "बघ. माझं मी करते."

चाचांनी पाना पिशवीत ठेवला आणि चहाची वाट बघत बसले. बाबांनी डबी तळहातावर घेऊन डोळे मिटले. "सव्वादोनशे ग्रॅम. बारदानासकट." आणि ती फुलदाणीच्या शेजारी ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

मी वही काढली. आईने त्या लाल गोलावर बोट ठेवलं. "ही रेघ कसली?"

"बिघडली त्याची."

"खोड ती. चालू हाय की."

बिघडलेली आणि तरी चालू असलेली मशीन कोणत्या रकान्यात लिहायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांना विचारायचं आहे, पण नाड्याचं कसं सांगावं ते कळत नाही. तूर्त ती रेघ मी पेनाची खोडून पेन्सिलीने मारली आहे.