मनमिळाऊ घड्याळजी

आमची आत्या एका साप्ताहिकात मृत्युलेख लिहायची. कसलाही नग असो, मेला की तिच्या लेखणीतून मनमिळाऊ होऊनच बाहेर पडायचा. "गेलेल्याला खरं सांगून काय उपयोग?" ती म्हणायची.

एकदा गल्लीतला तिरसट घड्याळजी जिवंतपणीच स्वतःचा लेख लिहून घ्यायला आला. आत्यानं सवयीनं 'मनमिळाऊ, मदतीला धावणारे' असं खरडलं. वाचून घड्याळजी गंभीर झाला. आपल्यामागे खोटं छापून यायला नको, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच मनमिळाऊ झाला.

मग गल्लीची काही खैर नव्हती. भल्या पहाटे दारं वाजवून तो तब्येतीची चौकशी करायचा. न विचारता घरात शिरून चालू घड्याळं दुरुस्त करायचा आणि बंद पाडायचा. "बाई, होता तोच बरा होता हो," म्हणत शेजारीपाजारी आत्याकडे आले.

आत्यानं लेख बदलला: 'अत्यंत भांडखोर'. तो वाचून घड्याळजी तरातरा आला आणि आमच्या दारात तासभर कडाडला, "मी भांडखोर? मी?"

आत्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या. "ऐकू दे लोकांना," ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदाच खरं लिहिलंय मी."