केळी का खायची नाहीत

टेस्ट ट्यूबमधला रंग जांभळा झाला आणि डॉक्टर म्हणाले, "मिस, हिच्या नवऱ्याला तार करायला सांगा. मुंबईला न्यावं लागेल."

मलकापूरच्या त्या खाजगी दवाखान्यात मी लॅब आणि पेशंटचा आहार, दोन्ही बघत असे. पेशंट होती सुमन, जवळच्या खेड्यातली. छातीत धडधड, चेहऱ्यावर गरम लाली, उगाच भीती, जेवण नको. सासऱ्यांच्या मते सगळं नाटक.

सेरोटोनिन हे मन आणि झोप यांच्याशी संबंध असलेलं रसायन. शरीरात ते मोडलं की त्याचा अंश लघवीतून बाहेर पडतो. पोटातल्या एका दुर्मिळ गाठीमुळे तो फार वाढतो. लाली, धडधडही होते. लघवीत केमिकल घालायचं. जांभळा रंग आला तर गाठीचा संशय. पण सेरोटोनिन केळ्यातही असतं, म्हणून आधी तीन दिवस केळी बंद.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अबोल. गप्पा जमत नसत, टेस्ट समजावणं जमे. सुमनला सगळं नीट समजावलं होतं.

सासरे तार करायला गेल्यावर मी तिला विचारलं, "केळी खाल्लीत?"

"हाव."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"तुमी म्हनल्या, केळं खाल्लं की बिमारी नसली तरी दिसते. म्हनून त खाल्ली, बाई." मग हळूच, "आता ते येतीन नं?"

नवरा इगतपुरीला रेल्वेत. दिवाळीलाही आला नव्हता.

मी डॉक्टरांना केळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "वॉर्डात ठेवा. तीन दिवसांनी रिपीट करा."

तार गेलीच होती. दुसऱ्या दिवशी नवरा आला, ड्यूटीच्या कपड्यांतच. सुमन अशक्त होतीच. मी दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे लिहून दिले होते. तो कॉटवर बसून शेंगा फोडायचा, ती एकेक दाणा खायची.

"काऊन वं, एवढी सुकली?"

"तुमी पाह्याले होते कुठं?"

लॅबमध्ये काम होतं, तरी त्या दिवसांत वॉर्डातून माझ्या फेऱ्या जास्त झाल्या.

रिपीट टेस्टमध्ये रंग आला नाही.

"म्हनलो नोतो मी? नाटक!" सासरे म्हणाले.

डॉक्टर चिडले. "गाठ नाही, म्हणजे आजार नाही असं नाही. तिचा जीव घाबरतो, ते खरं आहे." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही हिला सोबत न्या."

"क्वार्टर भेटलं की नेतो, साहेब." तो खाली बघत बोलला. संध्याकाळच्या गाडीने गेला.

काही महिन्यांनी सुमन वजन करायला आली. वजन वाढलं होतं. धडधड तेवढीच होती.

"क्वार्टर मिळालं?"

"भेटन." ती बाकावर बसली. "बाई, अजून एखादी टेस्ट नाही काय? ज्याच्यात काई खायाले मनाई असते?"

होत्या. मी नाही म्हणाले.

तेव्हापासून काय खायचं नाही, ते मी पेशंटला सांगते. का, ते कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.