चढ्या पट्टीतली मिस्सा

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये तेव्हा नोटेशन वाचता येणारं एकही माणूस नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. गाणं शिकायचं ते कानाने. लॅटिन असलं की शब्द देवनागरीत वहीत उतरवायचे आणि म्हणत सुटायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, घर गिरीजच्या वाडीत, दिवस केळीत आणि भाजीत जायचा. पण संध्याकाळी प्रॅक्टिस असली की आमचे हे आणि मी हातपाय धुऊन मास्तरांच्या ओटीवर हजर.

मास्तर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले, क्वायर त्यांचाच. पेटी वाजवायचे. नव्वदच्या दशकात आमच्या चर्चची ज्युबिली आली आणि फादरांनी ठरवलं की सणानिमित्त क्वायरची कॅसेट काढायची. झालं, मास्तरांच्या डोक्यात भरलं ते वेगळंच. त्यांचा एक भाचा बोटीवर होता. त्याने परदेशातल्या कुठल्या रेकॉर्डवरून एक कॅसेट भरून आणली होती. अख्खी लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चची सगळी उपासना गाण्यात बांधलेली, मोठा क्वायर, मोठा ऑर्केस्ट्रा. मास्तरांनी ती ओटीवर लावली. इतकी माणसं एका दमात गातात आणि एकाचाही आवाज वेगळा निघत नाही, हे आम्ही ऐकलंच नव्हतं. संपल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यात आपण कुठे?"

"आपण सगळीकडे," मास्तर म्हणाले. "व्हायोलिनवाले बांद्र्याहून येतील. त्यांना मी फोन केलाय."

मग पावसाळाभर ती कॅसेट. थोडी वाजवायची, थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा. पुरुषांचे खालचे सूर त्या गर्दीत ऐकूच यायचे नाहीत, म्हणून ह्यांनी टेपरेकॉर्डर रिकाम्या हंड्यात ठेवला. हंडा घुमायचा आणि खालचा सूर तेवढा फुगून वर यायचा. सगळे बेसवाले हंड्याभोवती उकिडवे बसून कान लावायचे. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, हंड्यात कुणी पडलंय.

टेपरेकॉर्डर एकच, मास्तरांच्या मुलाने आखातातून पाठवलेला. दुसऱ्या कशावर ती कॅसेट आम्ही लावलीच नाही, खराब होईल म्हणून. मास्तरांनी पेटीवर तिची पट्टी शोधली, तर ती काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी बसत होती. धड ही नाही, धड ती नाही. मास्तर म्हणाले, तिकडची वाद्यं वेगळी लावत असतील. आणि त्यांनी वरची धरली, पांढरी तीन, म्हणजे गाणं उजळ वाटेल. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पेटीवाला गळ्याप्रमाणे पट्टी बदलतोच की. कागदावर लिहिलेल्या गाण्याची पट्टीही कागदावर ठरलेली असते, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही.

आता माझ्या नणंदेचं सांगते. ह्यांची धाकटी बहीण. तिचा आवाज म्हणजे आमच्या घरची मिरवायची गोष्ट होती. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली, शाळेत शिकवायची, आणि रविवारी चर्चमध्ये गायची. तिला ऐकायला पार आचोळ्याहून माणसं येतात असं सासूबाई सांगायच्या. येत नसतीलही. पण ज्युबिलीच्या आधीच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, बोलणं राहील, पण आवाजाची नस तिथूनच जाते, वरच्या सुरांचं काही सांगता येत नाही. तेव्हापासून ती पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घ्यायची आणि गायची नाही.

त्या मिस्सेत एका बाईने एकटीने म्हणायचा भाग आहे. सगळा क्वायर थांबतो, व्हायोलिनं बारीक होतात आणि ती एकटी वर वर चढत जाते. मास्तरांनी तो भाग नणंदेला दिला. कुणाला विचारलं नाही. ती नको म्हणाली. मास्तर म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून ये."

ती आली, आणि तिथून आमच्या घराचा ताण सुरू झाला. खालचं सगळं सुंदर म्हणायची. तो वरचा सूर आला की आवाज फाटायचा, नाहीतर नुसतीच हवा निघायची. एकदा, दोनदा, रोज. ओटीवर सगळे वहीत बघत बसायचे. घरी आली की ती जेवायची नाही. मागच्या दाराशी विहिरीजवळ जाऊन हळूच तो सूर लावून बघायची आणि मी चुलीपाशी कान लावून बसायचे. नाही. पुन्हा नाही. मी एकदा म्हटलं, जरा सुंठ-मध घे. माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, सुंठेनं नस उगवत नाही."

तिला त्या गाण्याचं एवढं पडलं नव्हतं. डॉक्टर जे सांगू शकले नव्हते ते हे गाणं सांगणार होतं, तिचे वरचे सूर आहेत की गेले. आणि रोज संध्याकाळी ते सांगत होतं, गेले.

सण जवळ आल्यावर तिने मास्तरांना जाऊन सांगितलं, मला सोडा. तो भाग कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या एका मुलीला मिळाला. कोवळा, उंच आवाज, पटकन चढायची. नणंद क्वायरमधून उठून मागच्या बाकावर बसायला लागली.

रेकॉर्डिंग सणाच्या आदल्या दुपारी ठेवलं होतं, चर्चमध्येच. पंखे बंद, खिडक्या बंद. शेजारच्या वाडीतली पाण्याची मोटार बंद करून घेतली, मासळीवालीला त्या गल्लीत येऊ नको म्हणून सांगितलं. रेकॉर्डिंगवाल्याने वायरी पसरल्या. बांद्र्याचे वादक आले. सात-आठ व्हायोलिनं, एक मोठं चेलो, बासरी, दोन ट्रंपेट. त्यांचे प्रमुख टाय लावलेले वयस्क गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले की संध्याकाळी त्यांना एका लग्नात वाजवायचंय, तेव्हा उशीर चालणार नाही. सगळ्यांच्या पुढ्यात छापील कागद.

मास्तरांनी कौतुकाने पेटीवर पांढरी तीन दाबली आणि आम्ही 'आ' लावला. ते गृहस्थ व्हायोलिन खाली घेऊन आमच्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, हा कुठला सूर? मास्तर म्हणाले, गाण्याचा. त्यांनी कागद मास्तरांपुढे धरला, जणू मास्तरांना तो वाचता येणार होता, आणि आपल्या व्हायोलिनवर सूर काढून दाखवला. मास्तरांनी पेटीवर शोधला. पांढरी दोन. पूर्ण एक सूर खाली.

गाणं कुठून शिकलात, कॅसेट कशावर लावलीत, असं विचारत विचारत त्यांनीच उलगडा केला. तुमचं मशीन जोरात फिरतंय. टेप जोरात फिरली की सूर चढतो आणि गाणंही पळतं. मास्तरांनी विचारलं, तुम्हीच वर घेता का? ते म्हणाले, ट्रंपेटवाल्यांना अशा ऐन वेळी जमायचं नाही, आणि माझ्या निम्म्या लोकांनाही. तुम्हालाच खाली यावं लागेल.

फादर भिंतीशी फेऱ्या मारायला लागले. मास्तरांच्या कपाळावर घाम. आम्ही खाली आलो, तेवढं जमलं, पण लय जमेना. व्हायोलिनं संथ, आणि आमचे श्वास पळत्या टेपवर बांधलेले. ओळ संपायच्या आधी दम संपायचा, म्हणून सगळे घाई करायचे. पहिल्या फेरीत आम्ही संपलो आणि ते अजून वाजवतच होते. आमचे हे पुटपुटले, "आपण पोचलो, ते मागाहून येतायत."

मी ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत, उभी होते. दुसऱ्या फेरीत त्या मुलीचा भाग आला. खालच्या पट्टीत तिला आवाजच सापडेना, सवयच उंच धरायची. संथ लयीत मध्येच दम तुटला. पण तो वरचा सूर आला तेव्हा मी दचकले, कारण तो इतका काही वर नव्हताच. मी मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं. बाक रिकामा.

मी वही ठेवली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले. मास्तरांनी हाक मारली तरी थांबले नाही. नणंद मागे क्रूसाजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला बघून हात वर केला, बोलू नकोस म्हणून. मग तिने आतली ओळ हळू धरली, चढत गेली, आणि तो सूर लावला. लागला. थोडा खरखरीत, पण लागला. पुन्हा लावला. पुन्हा लागला.

मला वाटलं ती आनंदाने रडेल. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"पावसाळाभर," ती म्हणाली. "पावसाळाभर मी रोज स्वतःला गाडलं, वहिनी. आणि ते मशीन जोरात फिरत होतं."

"मग आत चल."

"आणि आत नाही लागला तर? आता मशीनला दोष देता येणार नाही मला. मग तो माझाच."

आतून व्हायोलिनं पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. कुणीतरी वेळेबद्दल बोलत होतं. मी एवढंच म्हटलं की मला जायला हवं, ऑल्टोत आम्ही तिघीच आहोत. आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. पायऱ्यांवर तिच्या चपला वाजल्या तेव्हा कळलं, ती येतेय.

ती सरळ मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. कॉन्व्हेंटच्या मुलीची आई पहिल्या बाकावर होती, तिचं तोंड आंबट झालं. मुलगी म्हणाली, "सर, मी करते ना, एक चान्स द्या." फादरही म्हणाले, मुलगीच बरी, आता प्रयोग नकोत. ते प्रमुख गृहस्थ व्हायोलिनच्या गजाला राळ घासत वाट बघत होते.

मास्तरांनी नणंदेला विचारलं, "लागेल?"

"माहीत नाही."

मास्तरांनी पेटीकडे एकदा बघितलं. त्या पेटीने त्यांना त्या दुपारी सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं. मग म्हणाले, "उभी राहा."

रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला. वेळ उरला होता तो एकाच फेरीचा.

सुरुवात आम्ही बरी केली. सगळे त्या गृहस्थांच्या गजावर डोळे लावून होतो, श्वास सुद्धा त्यांना विचारून घेतल्यासारखा. मग आम्ही थांबलो, व्हायोलिनं बारीक झाली आणि ती एकटी उरली. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ओळ लांब होती, संथ. मध्यावर तिचा दम संपत आला, हे मला आधी कळलं, मग तिला. तिने थांबून श्वास घेतला. सगळ्या चर्चला ऐकू जाईल असा, भर ओळीत, जिथे घ्यायचा नसतो तिथे. मास्तरांनी डोळे मिटले. त्या गृहस्थांनी मात्र गज लांबवला, तिच्यासाठी थांबले, आणि ती चढली. सूर लागला. तिने तो सोडला नाही, कागदावर असेल त्याहून जास्त धरला. मग खाली आली.

त्यानंतर आम्ही काय गायलो ते विचारू नका. आनंदाने म्हणा, सुटल्यासारखं म्हणा, शेवटचा भाग आम्ही जुन्या वेगाने पळवला आणि ट्रंपेटवाले मागून धावत आले.

बांद्र्याची मंडळी लग्नाला गेली. रेकॉर्डिंगवाल्याने नणंदेच्या कानाला हेडफोन लावले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तो म्हणाला, श्वास फार मोठा आलाय, काढता येणार नाही. तिने ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मास्तरांनी विचारलं, हा भाग ठेवायचा की गाळायचा, तू सांग. फादर काही बोलणार होते, त्यांना मास्तरांनी हाताने थांबवलं.

"ठेवा," ती म्हणाली. "श्वासासकट."

घरी जाताना वाडीच्या वाटेवर तिने मला सांगितलं की अगदी वरचे दोन सूर खरंच गेलेत, भिंतीशी उभी होती तेव्हा तेही लावून बघितले. हे ती हिशेब सांगावा तसं म्हणाली. घरी आल्यावर दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सणाची मिस्सा. व्हायोलिनं नव्हती, नुसती पेटी आणि आम्ही. चर्च भरून लोक बाहेर मांडवात. मास्तर पेटीवर पांढरी दोन दाबणार, तेवढ्यात नणंद पुढे वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "मास्तर, अर्धा सूर वर, काळी दोन घेऊन बघू."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "सणाच्या दिवशी?"

"मला बघायचंय."

आमचे हे मागून हळूच म्हणाले, "हिला आता आवरा कुणीतरी." मास्तरांनी काळी दोन दाबली. ती पदर सारखा करून उभी राहिली आणि मी वही घट्ट धरली. त्या दिवशी काळी दोनमध्येही तो वरचा सूर लागला. पांढरी तीनचं तिने पुन्हा कधी नाव काढलं नाही.