गाडीच्या जागेतला निंब

आमच्या इमारतीत पहिल्यांदा झाडं आली ती टेम्पोतून, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतूनच परत गेली. बुलढाण्यात गावाच्या टोकाला आम्ही नवा फ्लॅट घेतला होता. इमारतीला भोगवट्याचा दाखला मिळायचा होता आणि त्यासाठी नकाशात दाखवलेली झाडं जागेवर दिसायला हवी होती. नियमच आहे तसा. बांधकामाच्या जागेत झाडं हवीत आणि उघड्या पार्किंगवर सावली धरणारी तर हवीतच. बिल्डरने तपासणीच्या सकाळी कुंड्या उतरवल्या, भिंतीलगत ओळीने मांडल्या आणि कुंड्या दिसू नयेत म्हणून भोवती माती लोटली. साहेब आले, फोटो निघाले, साहेब गेले. देखल्या देवा दंडवत.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून परतले तर टेम्पोवाला कुंड्या परत चढवत होता. मी विचारलं, "कुठं नेता?"

"दुसऱ्या साइटले," तो म्हणाला. "तिथं उद्या तपासणी हाय."

लपवायचं काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. राग टेम्पोवाल्याचा नाही, माझ्या स्वतःच्या इमारतीचा आला. पेशंटच्या हाताला नुसती चिकटपट्टी लावून सलाईन चालू आहे म्हणून दाखवावं, त्यातलाच हा प्रकार. मी बिल्डरला फोन केला.

"सिस्टर, दाखला भेटला नं? मंग झालं," तो म्हणाला. "अन् झाडाले पाणी कोण टाकन? तुमाले प्यायले भेटत नाही."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे नळाची वाट पाहण्यात आठवडा जातो. पण खरं बोलून माणूस सुटत नाही.

महिन्याभरात मी सगळ्यांना पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसवलं आणि नकाशा मांडला. त्यात पार्किंगच्या कडेने हिरवे गोल होते, एकेक गोल म्हणजे एकेक झाड. प्रत्यक्षात त्या गोलांवर पेव्हर ब्लॉक बसले होते आणि पांढरे पट्टे मारून गाड्यांच्या जागा वाटून झाल्या होत्या. झाडं सगळ्यांनाच आवडत होती, फक्त दुसऱ्याच्या जागेत. खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हर काका तेवढे स्पष्ट बोलले. एसटीतून रिटायर झालेले, स्वतःच्या जुन्या गाडीवर पोटच्या लेकरासारखी माया.

"झाड म्हनलं का पाखरं आली, अन् पाखरं आली का गाडीचा पेंट गेला," ते म्हणाले. "अन् सिस्टर, तुमच्याकडं तर गाडीच नाही. तुमाले पार्किंगचं काय पडलं?"

"गाडी नाही, पण जागा आहे," मी म्हणाले. "माझ्या जागेत लावते."

शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे मी पाहिलं नाही. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक. आयुष्यभर एसटीच्या मागच्या सीटवर धक्के खात आणि स्कूटरवर धूळ खात खेड्यापाड्यांच्या शाळा केलेल्या. रिटायर झालो की गाडी घ्यायची, हे त्यांचं ठरलेलं होतं. रंगसुद्धा ठरला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून मी बोलले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "माह्या गाडीची जागा तू मले न विचारता देऊन टाकली."

"गाडी यायला वेळ आहे अजून."

"अन् आल्यावर? कापशीन का झाड?"

"नाही."

ते जेवले, ताट उचललं आणि दोन दिवस कामापुरतं बोलले. मी खणायला सब्बल, म्हणजे पहार, काढली.

माझ्या मनात पिंपळ होता. आमच्या घरात त्याला वेगळा मान, बोधिवृक्षच तो. पण पिंपळ भिंतींच्या आरपार जातो, म्हणून कडुनिंबावर आले. माझ्या जागेत भिंतीलगत पाण्याची टाकी होती, तेव्हा खड्डा मधोमधच घ्यावा लागला. म्हणजे तिथे पुढे गाडी काय, सायकलसुद्धा धड उभी राहणार नव्हती. ब्लॉक उचकटले तर खाली मुरूम, फुटक्या फरश्या आणि दगड झालेली सिमेंटची अख्खी गोणी. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं खणत गेले. नवरा बाल्कनीतून पेपर वाचायचा. सब्बलीला त्यांनी हात लावला नाही, आणि मीही म्हटलं नाही. डोणगावला माझ्या भावाची शेती आहे, त्याने जीपमधून काळी माती आणून टाकली. "शहरात माती इकत भेटत नाही काय वं?" एवढं विचारून चहा पिऊन गेला.

पहिलं रोप उन्हाळ्याने नेलं. दुसरं कुणाच्या तरी स्कूटरखाली गेलं, आणि ती स्कूटर कुणाची हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्याला मी लोखंडी जाळी करून घेतली. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं, सगळं पाणी बादलीत जमवून खाली न्यायचं. लिफ्ट बंद असली तरी न्यायचं. "सिस्टर निंबाले डोस द्यायले चालली," अशी थट्टा व्हायची. होऊ दे म्हटलं. डोस चुकवायचा नाही, हे तर मी नोकरीभर केलं होतं.

निंब लागला. एकदा लागला की निंब माणसाची वाट पाहत नाही. चौथ्या उन्हाळ्यात त्याची चांगली सावली पडायला लागली आणि तेव्हा कळलं की ती आमच्या जागेत पडतच नाही. दुपारी ऊन कललं की सावली सरकायची पूर्वेला, आणि पूर्वेला शेवटची कोपऱ्यातली जागा ड्रायव्हर काकांची. पेंटची काळजी करणारे काका आता सावलीत खुर्ची टाकून गाडीशेजारी डुलक्या घ्यायचे. पाखरांबद्दल चकार शब्द नाही.

त्याच वर्षी नवरा रिटायर झाला आणि गाडी आली. ठरलेल्या रंगाची. जागा नव्हती म्हणून ती भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभी राहिली. सीटवरचं प्लास्टिकही त्यांनी काढलं नाही. धूळ बसू नये, नवी राहावी. दुपारी ते बाल्कनीत उभे राहायचे. खाली भिंतीच्या आत काकांची जुनी गाडी आमच्या निंबाच्या सावलीत, आणि भिंतीच्या बाहेर त्यांची नवी कोरी गाडी तापत असलेली.

"आयत्या बिळावर नागोबा," ते एकदाच म्हणाले.

मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. त्यांनी आयुष्यभर मागितलेली ही एकच गोष्ट आणि तिची जागा मी खाल्ली. पण झाड काढावं असं एकदाही वाटलं नाही. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक कमी करून सांगता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात लेक तिच्या मुलीला घेऊन आली. मलकापूरला रेल्वेतून उतरली, नवरा तिला घ्यायला गेला. कुणाला स्टेशनवर घ्यायला स्वतःच्या गाडीने जायचं, हेही त्यांचं जुनं स्वप्न. येताना सगळं ठीक झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी नातीला आइस्क्रीम खायला न्यायचं ठरलं. मी खाली सोडायला गेले होते. रस्त्यावर तापलेल्या गाडीचं दार उघडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत पोर नुसत्या आखूड फ्रॉकमध्ये सीटवर चढून बसली. प्लास्टिकने तिच्या मांड्या भाजल्या. ती अशी कळवळून रडली की फाटकाच्या आत खुर्चीत पेंगणारे काका धावत बाहेर आले. मी तिला उचलून टाकीच्या नळाखाली धरलं. लाल झालं होतं, फोड आले नाहीत. नवरा दार धरून तसाच उभा होता.

संध्याकाळी काका वर आले. पाणीही न घेता म्हणाले, "गुरुजी, उद्यापासून तुमची गाडी माह्या जागेत लावा. झाड तुमचं अन् सावली म्या खावी, हे बरं दिसत नाही. माह्या गाडीनं लय ऊन पाह्यलं, ती राहीन बाहेर."

नवऱ्याचा चेहरा उजळला. एवढ्या महिन्यांत तो तसा मी पाहिला नव्हता. इथे गप्प बसायला हवं होतं, हे मला कळत होतं.

"काका, जागा राहू द्या तुमचीच," मी म्हणाले. "तुमच्या जागेमागे तो भिंतीचा कोपरा आहे ना, जुने टायर टाकलेत तिथे. तेवढा द्या. नकाशात तिथेही एक गोल आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "सिस्टर, तुमी काई सुधरत नाही," ते हळूच म्हणाले.

नवरा उठला आणि आत गेला. मला वाटलं, आता झालं. या वेळी मी खरंच ताणून तोडलं. आत नात झोपली होती, तिच्या मांड्यांना मलम लावलेलं होतं, आणि मी बाहेर बसून झाडासाठी कोपरा मागत होते. मागच्या बाल्कनीत काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सब्बल होती.

"कोपऱ्यातच पाह्यजे," ते म्हणाले. "म्या रोज वरून पाहून राह्यलो नं, सावली कुठून कुठं जाते ते. त्या कोपऱ्यातलं झाड वाढलं का दुपारची सावली भिंतीबाहेर पडन. माह्या गाडीवर."

"चार-पाच वर्सं लागतीन, गुरुजी," काका म्हणाले.

"लागू दे. पोरगी हाय तोवर तुमच्या जागेत लावतो, मंग माही गाडी बाहेरच." मग माझ्याकडे वळले. "अन् या झाडाले पाणी मी टाकीन. तू मधात पडू नको."

पहाटेच टायर हलवून त्यांनी कोपऱ्यात खड्डा घेतला आणि सकाळी ते एकटेच डोणगावला गेले. दुपारी परतले तेव्हा मागच्या सीटवर काळ्या मातीची पोती होती आणि एक फुटून माती सगळ्या सीटभर झाली होती. पोती त्यांनी एकेक करून कोपऱ्यात नेली. मग परत येऊन सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडून काढलं, त्यावरची मातीही खड्ड्यात झटकली आणि मला म्हणाले, "बादली आण."