अप्पांचं अनेकवचन

साठ सालानंतरची गोष्ट. तंजावरच्या एका मिशन इस्पितळात अप्पा, म्हणजे माझे वडील, अंगाला सूज येऊन पडून होते. सकाळी डॉक्टर यायचा, तमिळमध्ये दोन शब्द बोलून जायचा. उरलेला सगळा दिवस एका स्पॅनिश ननच्या हाती. ती नवीनच आलेली. इंग्रजी बेताचं, तमिळ मुळीच नाही. आमचं मराठी ऐकून तिला वाटलं, हेच ते तमिळ, आणि लागली की शिकायला! खरं सांगितलं तेव्हा म्हणाली, असू दे, तू मला हे शिकव, मी तुला माझं शिकवते. आई वैतागायची, "बाप आजारी, अन् ही बया शाळा घालून बसलीय." पण रोग्याच्या उशाशी बसून माणसानं करायचं तरी काय? औषध डॉक्टरचं, सेवा ननची. माझ्या हातात काहीच नव्हतं.

तिची भाषा मला सोपी गेली. थकलेला, थकलेली, कान्सादो, कान्सादा. क्रियापदातून विशेषण काढायचं आणि समोर बाई की पुरुष ते बघून शेपूट बदलायचं. तमिळमध्ये हे नखरे नाहीत, आपल्यात आहेत. त्याच्याआधी 'एस्ता' म्हणायचं, म्हणजे 'आहे'. हे 'एस्ता' बदलणाऱ्या गोष्टींसाठी, असं तिनं बजावलेलं. आज खिडकी लावलेली आहे, उद्या उघडी असेल. आज माणूस थकलेला आहे, उद्या ताजा होईल. मला तो नियम फार आवडला. खरं म्हणजे त्या दिवसांत मी त्याच्यावरच जगत होते.

घोटाळा एकच व्हायचा. अप्पा कसे आहेत, असं तिनं विचारलं की मी म्हणायची, 'एस्तान दोर्मीदोस', निजलेले आहेत. ती तोंडावर हात धरून हसायची. तुला बाप किती? एकच ना, मग 'एस्ता दोर्मीदो' म्हण. माझी जीभ वळायचीच नाही. बापाला अरेतुरे कोण करतं? मी आपली हट्टानं तो अनेकवचनाचा 'स' लावत राहिले, आणि ती हट्टानं तो काढत राहिली.

त्या दुपारी आई वाटीत कांजी निववत होती. नन आली, अप्पांचं मनगट धरून बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "एस्ता मुएर्तो."

'मुएर्तो' आमच्या धड्यात आलं नव्हतं. शेवटी 'दो' नाही, म्हणजे हे कुठल्या क्रियापदाचं, काही उमगेना. 'एस्ता' तेवढं ऐकलं.

"काय म्हणते ती?" आईनं विचारलं.

"काहीतरी झालंय त्यांना," मी म्हटलं. "पण जाईल ते."

आईनं मान हलवली आणि चमचा फिरवत राहिली. ननची नजर त्या वाटीवर गेली. ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि एकेक अक्षर सोडवत म्हणाली, "एस्तान मुएर्तोस."

शेवटी 'स' लावून. आमच्यासारखं. अप्पा जिवंत असताना तिनं त्यांना तो मान कधी दिला नव्हता. त्या एका 'स'नं मला सगळं कळलं, आणि तिच्या त्या नियमाचा असा संताप आला की काय सांगू. हे कसलं बदलणारं? उद्या काय होणार होतं याचं?

पण आईला सांगायचं मलाच होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आपल्या बापाला 'मेलेले' म्हणवत नाही.

"आई," मी म्हटलं, "अप्पा गेले."

तिनं वर पाहिलंच नाही. चमच्यानं कांजीवरची साय बाजूला केली.

"कुठं जातात? हे काय, निजलेले आहेत."